चौथी बाजू मोकळी सोडलेलं कॉलेज

आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: पुण्याच्या डेक्कन कॉलेजची येरवड्याची मुख्य इमारत प्रकल्पासाठी घ्यायची आहे, पण ‘ती तर ऑक्सफर्डची नक्कल, त्यात आपलं काय?’ असं वर्गात ऐकायला मिळालं. मग तिथे पाहायचं काय, आणि जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती आणि संवर्धन हे माझं रोजचं काम आहे, आणि काळ्या पाषाणातल्या गॉथिक (टोकदार कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीतल्या) इमारतींवर माझा विशेष जीव आहे. म्हणून जरा लांबण लागली तरी सगळं सांगतो. नमुना तिकडचा आहे, हे खरंच. पण नकाशा समोर ठेवून इंग्लंडमधल्या कॉलेजशी ताडून पाहिलात, तर त्यातलं काय वगळलं आणि त्यात काय घातलं ते दिसायला लागतं. या इमारतीचा इतिहास त्या फरकांत सापडतो.

आधी संस्था, कारण इमारतीपेक्षा ती जवळजवळ अर्धशतकाने जुनी आहे. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली प्रथा पेशव्यांनी पुढे चालवली. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इथला कारभार पाहणारे इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यापुढे प्रश्न आला: दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यातला विद्वान वर्ग दुखावणार, आणि आहे तशी चालू ठेवली तर सरकारच्या हाती काही लागणार नाही. त्यांनी त्या निधीचा एक भाग शिक्षणाकडे वळवला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. इंग्रजी कागदपत्रांत ती ‘हिंदू कॉलेज’ म्हणून येते. सुरुवातीला तिथे फक्त ब्राह्मण मुलं होती आणि शिकवणं शास्त्री मंडळींकडे, जुन्या पद्धतीचं. १८३७ च्या सुमारास अभ्यासक्रम बदलला, देशी भाषेला जागा मिळाली आणि इतरांसाठीही दार उघडलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी बराच काळ या संस्थेची धुरा वाहिली. १८५१ मध्ये इंग्रजी शाळा तिच्यात विलीन होऊन ‘पूना कॉलेज’ झालं, आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याला जोडलं गेलं.

म्हणजे पहिली चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे कॉलेज एका वाड्यात भरत होतं. तुमच्या प्रकल्पाला या गोष्टीचा उपयोग होईल, म्हणून येरवड्याला जाण्याआधी विश्रामबाग वाडा पाहून या. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला तो वाडा आहे: सुरूच्या घाटाचे कोरीव लाकडी खांब, रस्त्याकडे झुकलेली लाकडी दर्शनी बाजू आणि आत चौक. चौक चारही बाजूंनी बंद असतो आणि त्यामानाने लहान. भिंतींची सावली चौकातच पडावी, उन्हाची तिरीप आत फार वेळ टिकू नये, आणि घराला जगापासून आडोसा मिळावा, यासाठी. मध्ये मोकळी जागा आणि भोवती खोल्या ही कल्पना ऑक्सफर्डहून पुण्यात आली असं कोणी म्हटलं, तर ती पुणेकरांच्या घरात आधीपासून होती, हे विसरू नका.

१८६० च्या दशकात कॉलेज गावाबाहेर हलवायचं ठरलं. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांनी १८६४ मध्ये येरवड्याला नव्या इमारतीची पायाभरणी केली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्याची मोठी देणगी या कामाला मिळाली. १८६८ मध्ये कॉलेज नव्या जागेत आलं आणि ‘डेक्कन कॉलेज’ झालं. काळ ध्यानात घ्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. फ्रेअरनी मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली होती आणि पुण्यात गणेशखिंडीला गव्हर्नरचा भव्य बंगला उभा राहत होता, जो आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि कापसाचा फुगा फुटला. डेक्कन कॉलेज या चढउतारात बांधून झालेलं आहे.

आराखडा होता कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. ते रॉयल इंजिनीअर्समधले लष्करी अभियंते. मुंबईचं जुनं सचिवालय त्यांचं, पुण्यातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग म्हणजे आपलं लाल देऊळ तेही त्यांचंच. लाल देऊळ तांबड्या विटांचं आहे आणि १८६७ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळची. एकाच माणसाने एकाच शहरात एक इमारत विटेत केली आणि एक काळ्या दगडात. दोन्ही एका दिवशी पाहिल्यात, तर गॉथिक म्हणजे ठरीव साचा हा समज आपोआप जाईल. वीट लहान, तिची रेघ बारीक. दगड मोठा, त्याची सावली जाड. माल बदलला की कमानीचा चेहरा बदलतो.

आता नकाशाकडे या. मधला दुमजली भाग, दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या ओळी, आणि मनोरा. तीन बाजूंनी बांधलेला चौक, चौथी बाजू मोकळी. ऑक्सफर्डचे जुने चौक असे नसतात. मर्टन कॉलेजचा तेराव्या-चौदाव्या शतकातला मॉब क्वाड घ्या किंवा १३७९ मध्ये स्थापन झालेलं न्यू कॉलेज घ्या. चारही बाजू बंद, आत जायला दरवाज्याची देवडी, रात्री दरवाजा लागला की आतले आत. त्या काळी विद्यार्थी आणि गावकरी यांच्यात रक्तपात होईपर्यंत मारामाऱ्या होत, आणि कॉलेजला कोटासारखं बंद राहणं गरजेचं होतं. येरवड्याच्या माळावर असलं भय नव्हतं. तिथे वारा हवा होता.

मजा अशी की बाजू मोकळी सोडण्याची युक्तीसुद्धा इंग्लंडला नवी नव्हती. केंब्रिजला जॉन कीझ या वैद्याने १५६५ च्या सुमारास आपल्या कॉलेजात नवा चौक बांधला, दक्षिणेची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली आणि ती पुढेही कोणी बांधून बंद करू नये असा नियम घातला. हवा कोंडली की रोग पसरतो, हे त्यांचं वैद्यकीय मत. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानात लष्करी अभियंत्यांच्या डोक्यात हीच काळजी सतत असे. पटकी आणि ताप यांनी छावण्या ओस पडत होत्या, आणि बराकी असोत की इस्पितळं, खेळती हवा हा पहिला नियम मानला जाई. म्हणून तीन बाजूंच्या चौकाकडे मी हवामानाची आणि आरोग्याची उपाययोजना म्हणून पाहतो. वाड्यातल्या चौकाने सावली साधली होती, या चौकाने वारा साधला.

मग सावलीचं काय? ती ओसरीने साधली. या इमारतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्या मते मनोरा नाही, ती ओळीने टोकदार कमानी असलेली ओसरी आहे. इंग्लंडमधल्या गॉथिकची सगळी धडपड उजेडासाठी होती. तिथे आभाळ भरलेलं, हिवाळ्यात दिवस लहान. म्हणून भिंत जमेल तेवढी कमी करायची, कमान उंच न्यायची आणि तिच्यात काच भरायची. टोकदार कमानीने हे शक्य केलं, कारण अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असते, त्यात हालचालीला वाव नाही. दोन वर्तुळखंड माथ्यावर टोकात मिळवले की रुंदी तीच ठेवून उंची हवी तेवढी घेता येते आणि बाजूंना होणारा रेटाही कमी होतो. पुण्यात गरज नेमकी उलटी होती. इथे उजेड मुबलक आणि ऊन जाळणारं. तेव्हा विल्किन्सनी तीच कमान घेतली आणि काच काढून टाकली. कमान झाली ओसरीचं मोकळं तोंड, आणि खोलीची खरी दारं-खिडक्या मागच्या भिंतीत, सावलीत गेल्या. पावसाची झड ओसरीवर थांबते, उन्हाची तिरीप ओसरीवर थांबते, खोलीत येतो तो फिका उजेड आणि वारा. जी वस्तू उजेड आत घेण्यासाठी घडली होती, ती इथे ऊन अडवण्याच्या कामाला लागली. याला नक्कल म्हणणं मला पटत नाही.

दुसरा फरक त्याहून बोलका आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजचं कॉलेज तीन मोठ्या जागांभोवती उभं असतं: प्रार्थनामंदिर, भोजनगृह आणि ग्रंथालय. न्यू कॉलेजात मंदिर आणि भोजनगृह पाठीला पाठ लावून एकाच लांब इमारतीत आहेत. रोजची प्रार्थना आणि एका छताखालचं जेवण यातूनच तिथलं कॉलेजजीवन घडत होतं. डेक्कन कॉलेजच्या आराखड्यातून यातल्या दोन गोष्टी गायब आहेत. प्रार्थनामंदिर नाही, कारण हे सरकारी कॉलेज होतं आणि १८५७ च्या उठावानंतर राणीच्या जाहीरनाम्याने धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन दिलं होतं. एकत्र भोजनगृह नाही, कारण त्या काळी एका पंगतीला बसणार कोण? मुलांचे जेवणाचे क्लब जातीप्रमाणे वेगळे होते. तरुण बळवंतराव टिळक सोवळं नेसून जेवायला बसत, ही आठवण त्यांच्या चरित्रात येते. तेव्हा मोठी जागा उरली ती सभागृह आणि ग्रंथसंग्रह यांची. तिच्या आत उभं राहून वर पाहा. उंच, उतरतं छप्पर आणि उघड्या लाकडी कैच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), जशा इंग्लंडमधल्या भोजनगृहात किंवा मंदिरात असतात. घाट प्रार्थनेचा आणि जेवणाचा, वापर पुस्तकांचा आणि सभेचा. नकाशातल्या या रिकाम्या जागांवर प्रकल्पात एक अख्खं प्रकरण लिहा, असं मी आग्रहाने सांगेन. समाजशास्त्राच्या लेखातून कळणार नाही इतक्या स्पष्टपणे तो काळ तिथे दिसतो.

मात्र खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांनी काम केलं. गावापासून लांब, विद्यार्थी तिथेच राहणारे. जवळच नदी, आणि जमशेटजींच्याच देणगीतून झालेल्या बंधाऱ्यामुळे तिला बारमाही पाणी. म्हणून कॉलेजचा बोट क्लबही होता. टिळक आणि आगरकर यांची गाठ इथलीच. १८७९ मध्ये टिळक कायद्याचा आणि आगरकर एम.ए.चा अभ्यास करत असताना सरकारी नोकरी न करता शाळा काढायची, ही चर्चा या आवारात झाली. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांसोबत जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं, आणि त्यातून डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ चं फर्ग्युसन कॉलेज. टिळकांची खोली आजही स्मारक म्हणून राखलेली आहे. सरकारने बांधलेल्या वसतिगृहात सरकारी नोकरी नाकारण्याचा निर्धार झाला, यामागे त्या लांबच लांब ओसरीचा हात आहे असं मला मनापासून वाटतं. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की शेजारच्या खोलीतला भेटणारच, अशी ती रचना आहे.

संस्कृतच्या अंगाने पाहिलं तर ही जागा त्याहून मोठी. जर्मन संस्कृत पंडित फ्रांझ कीलहॉर्न इथे १८६६ पासून १८८१ पर्यंत होते. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाची त्यांची संपादित आवृत्ती अजून अभ्यासकांच्या हाताशी असते. त्यांच्यानंतर रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. सरकारने गोळा केलेला हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह १८७८ पासून इथे होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर १९१८ मध्ये तो तिकडे गेला.

आणि मग १९३४ आलं. खर्चकपातीच्या नावाखाली मुंबई सरकारने कॉलेज बंद केलं. शंभर वर्षांहून जुनी संस्था, एवढी मोठी इमारत, आणि कुलूप. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. देणगी शिक्षणासाठी दिलेली होती, तेव्हा सरकारला ही वास्तू मनाला येईल तशी वापरता येणार नाही, या मुद्द्यावर ते न्यायालयात लढले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडलं, पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. संवर्धनाच्या कामात आम्ही दगड, चुना, लाकूड यांच्यावर रात्रंदिवस बोलतो. पण ही इमारत जिवंत ठेवली ती दानपत्राच्या हेतूने आणि त्या हेतूसाठी भांडलेल्या माणसांनी. जपायचं काय, या तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात मी वापराला सगळ्यात वर ठेवतो. ज्या कामासाठी इमारत उभी राहिली, ते काम तिच्या आवारात चालू राहणं ही पहिली दुरुस्ती.

१९३९ नंतरचं काम तर कोणत्याही विद्यापीठाला हेवा वाटावा असं. ह. धी. सांकलिया यांनी पुरातत्त्व उभं केलं: नेवासे, जोर्वे, आणि पुढे सहकाऱ्यांसह १९६८ पासून पंधरा-एक वर्षं चाललेलं इनामगावचं उत्खनन, ज्याने महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचं घर, धान्य आणि दफन आपल्यासमोर आणलं. इरावती कर्वे यांनी समाजशास्त्र आणि मानवशास्त्र. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचं काम सुरू झालं, त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी शब्दपत्रिका काढल्या गेल्या. हाताने लिहिलेल्या. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि काम आजही चालू आहे. दक्षिणेच्या पैशातून सुरू झालेली संस्कृत पाठशाळा फिरून संस्कृतकडेच आली, फक्त आता जातीची अट नव्हती.

आता दगडाकडे, कारण जपण्याचा प्रश्न शेवटी हाताने सोडवावा लागतो. हा दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट. सहा कोटी वर्षांहून जुन्या लाव्हाचा. घट्ट, जड, पाणी फार कमी पिणारा, आणि टाकीला दाद न देणारा. पोरबंदरच्या चुनखडीत जशी पानंफुलं सहज निघतात तशी यात निघत नाहीत. म्हणूनच मुंबईच्या त्याच काळातल्या इमारतींवर कोरीवकाम दिसतं आणि इथे दिसते ती भिंत: थरांत रचलेले खांडकी दगड, कोपऱ्यांना नीट घडलेले, कमानीला पाचरीच्या आकाराचे. विल्किन्सनी मालाचा स्वभाव ओळखला आणि सजावटीचा सोस सोडला. माझ्या नजरेत ही इमारत त्यामुळे अधिक देखणी झाली.

एका कमानीच्या पायथ्याशी, जिथे कमानीचा पहिला दगड खांबावर बसतो, तिथे पाच मिनिटं थांबा. दगडाच्या तोंडावर पाथरवटाच्या टाकीचे घाव तिरक्या ओळींत दिसतील. कडेला बोटभर रुंदीची पट्टी जास्त गुळगुळीत असते, कारण सांधा सरळ बसावा म्हणून कडा आधी घडून घेतात आणि मधला भाग नंतर खरडतात. सकाळच्या तिरप्या उन्हात हे घाव उठून दिसतात, दुपारी नाहीसे होतात. फोटो सकाळीच काढा. त्यानंतर दोन दगडांमधला सांधा पाहा. जुना चुना असेल तर रंग मळकट पांढरा, त्यात वाळूचे कण आणि न विरलेल्या चुन्याचे पांढरे ठिपके. नखाने किंचित खरवडला तर पावडर निघते. सिमेंट असेल तर राखाडी, कडक, आणि बऱ्याचदा दगडाच्या तोंडावर पसरलेलं.

हा फरक जिवावरचा आहे. बेसॉल्टची भिंत ओली होते ती सांध्यांतून आणि सुकतेही सांध्यांतूनच, कारण दगडातून पाणी फारसं जात-येत नाही. तिथे सिमेंटने दर्जा (म्हणजे हे सांधे) भरल्या की पाण्याची परतीची वाट बंद. आत शिरलेलं पाणी आतल्या अंगाने बाहेर पडतं. गिलावा फुगतो, क्षार पांढरे फुलून येतात, भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजतात. दुसऱ्या एका जुन्या कॉलेजात (नाव सांगत नाही) मी हे होताना पाहिलं. बाहेरून भिंत नव्यासारखी चकचकीत, आणि आत तुळईच्या टोकात पेचकस मुठीपर्यंत गेला. वरून पारदर्शक लेप मारून दगड चमकवायचा प्रकारही याच जातीचा, आणि वाळूचा मारा करून काळा दगड ‘साफ’ करणं त्याहून वाईट, कारण टाकीचे घाव त्यात कायमचे जातात. कळीचा (भाजलेल्या चुनखडीचा) चुना भिजवून मुरवायचा, चाळलेली वाळू घालायची, जुना सांधा हातछिन्नीने उकरायचा आणि पावसाळा संपल्यावर भरून आठवडाभर ओला ठेवायचा, एवढंच ते काम. वेळखाऊ आहे, पण दुसरी वाट नाही.

दुसरी नाजूक जागा छपराची. दोन उतरती छपरं जिथे मिळतात ती पन्हळ, आणि छप्पर मनोऱ्याच्या भिंतीला टेकतं ती रेघ. अशा इमारतींत गळती जवळजवळ नेहमी या दोन ठिकाणी असते. पाल्यापाचोळ्याने पन्हळ तुंबते, आणि पाणी कौलांखालून मागे चढतं. पिंपळाचं रोप सांध्यात दिसलं तर उपटू नका, उपटलं की दगड सोबत येतो. बुंधा कापून मुळाचा बंदोबस्त करावा लागतो.

प्रकल्पापुरतं सांगायचं तर सगळी इमारत मोजायच्या भानगडीत पडू नका. ओसरीचा एक गाळा निवडा: दोन खांब, एक कमान, मागची भिंत, तिच्यातलं दार, वरचा मजला आणि छपराची वळचण. एवढ्याचा उभा छेद एकास वीस प्रमाणात काढा आणि त्यावर मार्च, जून आणि डिसेंबर या तीन महिन्यांतलं सकाळी दहाचं व दुपारी चारचं ऊन दाखवा. विश्रामबाग वाड्याच्या चौकाचा तसाच छेद शेजारी ठेवा. संस्था चालू आहे, वर्ग आणि संशोधन सुरू असतं, तेव्हा कॉलेजच्या शिक्षकांचं पत्र नेऊन रीतसर परवानगी घ्या. आवारात पुरातत्त्वाचं आणि मराठा इतिहासाचं अशी दोन संग्रहालयं आहेत, तीही त्याच फेरीत बघून घ्या. छेद काढून झाला की इथे टाका, कमानीच्या रेट्याचं गणित आपण बरोबर बसून करू.